दरबारातले ठिगळ

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. कागद म्हटले की तुम्हाला वही आठवेल, पतंग आठवेल. मी तसा नाही. माझ्यावर एक अख्खा दरबार छापलेला आहे. उंच आसनावर फ्रांकांचा, म्हणजे फार पूर्वी फ्रान्सवर राज्य करणाऱ्या लोकांचा, एक राजा बसला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना कुऱ्हाडी घेतलेले सरदार आहेत, एक राणी आहे, एक वृद्ध धर्मगुरू आहे. राजाचे केस खांद्यावरून उतरून कमरेपर्यंत आले आहेत. त्या काळच्या राजांचा खरा मुकुट म्हणजे त्यांचे केस. केस कापले की राजा राजा राहत नसे, त्याला मठात धाडून देत. म्हणून माझ्या दरबारात, अगदी पुढे, राजाचा एक तरुण पुतण्या गुडघ्यांवर बसलेला दाखवला आहे आणि त्याच्या मानेमागे एक माणूस भली मोठी कात्री घेऊन उभा आहे.

निदान पूर्वी ती कात्री दिसत असे. आता तिथे पांढऱ्या कापडाचे एक लहानसे ठिगळ आहे. त्या ठिगळाची गोष्ट सांगायची तर मला मान खाली घालावी लागते. पण सांगतो.

माझा जन्म पॅरिसच्या एका छापखान्यात झाला. कठीण लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर आधी चित्र काढायचे, मग बारीक टोकाच्या हत्याराने ते कोरायचे, शाई लावायची आणि कागद दाबायचा, अशी ती रीत होती. पण चित्र मोठे असले तर एका माणसाच्या हातून महिनोन्‌महिने उरकत नसे. म्हणून ठोकळ्याचे तुकडे करून ते वेगवेगळ्या कारागिरांत वाटत आणि कोरून झाले की स्क्रूने पुन्हा आवळून एक करत. माझ्या राजाचे डोके एकाकडे गेले आणि धड दुसऱ्याकडे.

डोके कोरणारा म्हातारा मोठा हौशी होता. त्याने राजाचे केस नदीच्या लाटांसारखे वळणावळणाने कोरले. धड कोरणाऱ्याला घरी जायची घाई असे. त्याने ते तागाच्या दोऱ्यांसारखे सरळ खाली सोडून दिले. तुकडे जोडून पहिला कागद छापला तेव्हा म्हातारा ओरडलाच.

"अरे, हे केस कोणाचे?"

"राजाचे."

"मानेपर्यंत राजाचे. खाली घोड्याची शेपटी लावलीयेस तू!"

"घोडाही राजाचाच की, काका."

सगळे हसले. मालकाने चष्मा लावून पाहिले. राजाच्या मानेशी, जिथे दोन ठोकळे भेटत होते तिथे, एक पांढरी बारीक रेघ उमटली होती, जणू तिथून केस कापून पुन्हा चिकटवले आहेत. मालक म्हणाला, "जाऊ द्या. शाळेत टांगायचंय, राजवाड्यात नाही."

माझ्या आयुष्यातली ती पहिली लाज. बाकीचे कागद गुंडाळले जात होते आणि मी मनात म्हणत होतो, देवा, मला अशा भिंतीवर ने जिथे कोणी फार जवळून बघणार नाही.

मी लिमुझँच्या डोंगराळ मुलुखात, फोंजेल नावाच्या खेड्यातल्या मुलींच्या शाळेत येऊन पोहोचलो. तिथे कोणी जवळून बघितले नाही, कारण खिडकी लहान होती आणि हिवाळाभर शेकोटीचा धूर कोंडलेला असे. मुली लाकडी बूट खडखडवत येत, ते दाराशी काढून ठेवत, फडक्यात बांधून आणलेले उकडलेले चेस्टनट शेकोटीजवळ मांडत आणि बाकांवर बसत. सगळ्यांच्या डोक्यावर हनुवटीखाली बांधलेले पांढरे टोपडे असे. त्या मुलुखात लहान मुलगी काय अन् म्हातारी काय, उघड्या डोक्याने कोणी वावरत नसे.

बाईंचे नाव होते वालाद. त्या लिमोझ शहरातून आलेल्या, अजून तरुण, अंगाने बारीक. त्या टोपडे घालत नसत. शहरातल्या रीतीप्रमाणे त्यांचा अंबाडा मानेवर जाड आणि चकचकीत बसलेला असे. मुलींना त्या अंबाड्याचा फार आदर होता. बाई छडी घेऊन माझ्याजवळ येत आणि एकेक गोष्ट दाखवत. "हा राजा. हे त्याचे केस. हेच त्याचं वैभव. आणि हा बघा, याचे केस कापतायत. केस गेले, राज्य गेलं, अब्रू गेली."

मुली एका सुरात म्हणत, "केस गेले, राज्य गेलं, अब्रू गेली."

मला ते ऐकायला गोड वाटे. खोटे कशाला बोलू? आपल्याबद्दल कोणी एका सुरात काही म्हणत असेल तर कोणालाही गोडच वाटते.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेत बक्षीस समारंभ होत असे. त्या वर्षी वालाद बाईंनी ठरवले की मुलींनी माझ्यावरचा दरबार हुबेहूब उभा करायचा. बोलायचे नाही, हलायचे नाही, चित्रासारखे स्तब्ध राहायचे. गावातले सगळे बघायला येणार. प्रश्न होता राजाचा. मुलींच्या शाळेत राजा कुठून आणायचा?

त्याचे उत्तर मिरवणुकीत मिळाले. जून महिन्यात चर्चमधून परमप्रसादाची मिरवणूक निघते. त्या एका दिवशी लहान मुली टोपडी उतरवून, केस मोकळे सोडून, गुलाबाच्या पाकळ्या उधळत पुढे चालतात. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या हसतच.

"सोलांज, उभी राहा. एवढे केस तू ठेवतेस कुठे गं, त्या चिमुकल्या टोपड्यात?"

सोलांज मागच्या बाकावरची. कमी बोलणारी, उत्तर येत असले तरी हात वर न करणारी. त्याच हिवाळ्यात तिचे वडील वारले होते. ती उठून उभी राहिली आणि कानापर्यंत लाल झाली.

"राजा तू," बाई म्हणाल्या.

गिरणीवाल्याची मुलगी एर्मांस लगेच बोलली, "बाई, तिला तर साधं नमस्कारसुद्धा नीट म्हणता येत नाही!"

"राजाला बोलायचंच नाहीये, एर्मांस. तू कात्रीवाला हो. तुमच्या घरी मेंढ्या कातरायची कात्री आहे ना? ती आण."

एर्मांसने ओठ चावला. तिची वेणी उंदराच्या शेपटीएवढी होती, आणि ते सगळ्या वर्गाला ठाऊक होते.

त्या आठवड्यात सोलांज रोज सगळ्यांच्या आधी शाळेत येई आणि माझ्यासमोर उभी राही. राजाने हात कसे ठेवले आहेत, पाय कुठे टेकले आहेत, हे पाहून तसेच करी. मान ताठ करायचा प्रयत्न करी, पण ती हळूहळू खाली येई. मग पुन्हा ताठ करी. एकदा ती हलकेच म्हणाली, "बाबा असते तर बघायला आले असते." तिथे ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हते. मित्रांनो, त्या खेपेला प्रथमच मला वाटले की मी कोणाच्या तरी उपयोगाचा आहे.

मग संत जॉनची जत्रा आली. त्या जत्रेत गुरे विकतात, कोयते विकतात, आणि एका बाजूला, गाड्यांच्या आडोशाला, केस घेणारा बसतो. बायका एकेक करून जातात, पाठमोऱ्या बसतात आणि केस देऊन त्याच्याकडून कापड घेऊन येतात. वरून टोपडे बांधले की कोणाला काही कळत नाही. गावात याविषयी कोणी बोलत नाही. सगळ्यांना ठाऊक असते, म्हणूनच बोलत नाहीत.

जत्रेनंतर शाळा भरली तेव्हा सोलांजने टोपड्याची गाठ अशी आवळली होती की हनुवटीखाली वळ उठला होता. मला काही कळले नाही. मी कागद आहे. मला एवढेच दिसले की ती आता माझ्यासमोर येऊन उभी राहत नाही.

रंगीत तालमीचा दिवस आला. बाक सरकवले. बाईंची खुर्ची टेबलावर चढवून सिंहासन केले. बाईंचीच लाल शाल सोलांजच्या खांद्यांवर आली.

"टोपडं काढ, सोलांज."

सोलांज हलली नाही.

"अगं, राजा टोपडं घालतो का? काढ."

"नको, बाई."

"हट्ट करू नकोस. सगळ्या खोळंबल्यात."

"नको ना, बाई."

"मी काढते, बाई," असे म्हणत एर्मांस टेबलावर चढली आणि बाई काही म्हणायच्या आत तिने गाठ ओढली.

टोपडे निघाले. आत कानांच्या वर, कुठे आखूड, कुठे त्याहून आखूड, घाईने कापलेले खुंट होते. सोलांजने दोन्ही हातांनी डोके झाकले. पण लहान हातांत एवढे मावत नाही.

मग मागून कोणीतरी खुदकन हसले.

"राजाला भादरला गं, राजाला भादरला!"

"मठात धाडा त्याला!"

आणि मग ते आले, एका सुरात, जसे त्यांना शिकवले होते तसे: "केस गेले, राज्य गेलं, अब्रू गेली!"

माझ्याकडे बोट दाखवून म्हणत होत्या, मित्रांनो. माझ्या कात्रीकडे. कागदाला पाठ फिरवता येत नाही, डोळे मिटता येत नाहीत. भिंतीवरून खाली पडता आले असते तर मी पडलो असतो, पण तेवढीही वाऱ्याची झुळूक त्या दिवशी आली नाही.

वालाद बाईंनी मुलींना गप्प करायला हात वर उचलला. तो हात वाटेतच वळला आणि त्यांच्या स्वतःच्या मानेवर, अंबाड्यावर गेला. तिथेच थांबला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मी समोरच होतो. दुसऱ्या कोणी ते पाहिले नाही.

मला वाटले, आता बाई काहीतरी बोलतील. बाई बोलल्या, पण दुसरेच. "शांत बसा. एर्मांस, उद्यापासून राजा तू हो. मी रिबिनी लावून काहीतरी करते."

सोलांज टेबलावरून उतरली. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. घडी अगदी नीट होती. टोपडे उचलून ती निघून गेली आणि दाराशी ठेवलेले लाकडी बूट पायात घालायचेही विसरली.

ती परत शाळेत आली नाही. एर्मांस सिंहासनावर बसू लागली, पण तिच्याही मानेत काही ताठा उरला नव्हता. सोलांजचे बूट दाराशी तसेच पडून होते. मुली त्यांना वळसा घालून आत येत.

एक दिवस शाळा सुटल्यावर सोलांजची आई, फान्शेत, आली. दिवस भरत आलेले होते तिचे. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"बसा ना," बाई म्हणाल्या.

"नको. बसले तर उठायला दोन माणसं लागतील. बूट न्यायला आले. सोलांज आता शाळेत यायची नाही. गुरं राखेल."

"पण ती हुशार आहे हो."

"असेल. तिला लाज वाटते."

बाईंनी दाराशी पडलेल्या बुटांकडे पाहिले. फान्शेत म्हणाली, "बाई, आमच्या घरात एकच धड चादर होती. ती तिच्या बापाबरोबर मातीत गेली. आता हे येतंय." तिने पोटावर हात ठेवला. "याला गुंडाळायला घरात चिंधी नाही. माझे केस मी मागल्या जत्रेतच दिलेत, अजून वीतभरही वाढले नाहीत. पोर आपणहून म्हणाली, आई, माझे दे. मी म्हटलं, अगं, तू राजा होणार आहेस ना? तर म्हणाली, आधी बाळ, मग राजा."

बाई विझलेल्या शेकोटीकडेच बघत होत्या.

"केसांचं काय मेलं, गवतासारखे परत येतील," फान्शेत म्हणाली. "पण पोर रात्रंदिवस एकच विचारते. आई, मी बाळासाठी दिले, काही चोरलं नाही, मग मला लाज का वाटते? मला उत्तर सांगता येत नाही. मी अडाणी. तुम्हाला येत असेल तर सांगा, मी तिला घरी जाऊन सांगते."

वालाद बाईंनी बूट उचलून भिंतीशी नीट लावून ठेवले. मग म्हणाल्या, "बूट नेऊ नका. उद्या एकदाच तिला पाठवा. उत्तर मी तिच्यासमोर देईन."

दुसऱ्या दिवशी सोलांज आली. आईचे मोठाले बूट घालून आली आणि दाराजवळच उभी राहिली. बाई माझ्याखाली येऊन उभ्या राहिल्या. हातात छडी नव्हती. त्यांनी दोन्ही हात मानेमागे नेले आणि अंबाड्यातला एक आकडा काढून टेबलावर ठेवला. मग दुसरा. मग आणखी. वर्गात फक्त टेबलावर पडणाऱ्या आकड्यांचा आवाज होता. शेवटी एक जाड, लांबलचक वेणी त्यांच्या हातात आली, आणि डोक्यावर राहिले ते विरळ, भुऱ्या केसांचे एक जावळ.

"हे माझे नाहीत," बाई म्हणाल्या. "मला ताप आला होता. त्यात माझे गेले. शाळेवर नेमणूक झाली तेव्हा मला वाटलं, असं डोकं घेऊन मुलींसमोर कसं उभं राहायचं? लिमोझच्या दुकानातून ही वेणी आणली. कोणाच्या डोक्यावरची आहे, हे मी कधी विचारलंही नाही."

एर्मांसचे डोळे विस्फारले. "म्हणजे बाई, तुम्हीसुद्धा...?"

"हो, एर्मांस. मीसुद्धा भादरलेला राजा. आणि मी ते लपवून तुम्हाला रोज शिकवत होते की केस गेले की अब्रू जाते." त्या दाराकडे वळल्या. "सोलांज, तू आईला जे विचारलंस त्याचं उत्तर हे. तुला लाज वाटली, कारण मला वाटायला हवी होती ती मी घेतली नाही. ज्याची लाज त्याने उचलली नाही की ती जवळच्या लहान माणसाच्या डोक्यावर जाऊन बसते. ती माझी आहे. दे इकडे."

सोलांजचा हात टोपड्याच्या गाठीकडे गेला, आणि तिने ती थोडी सैल केली.

बाईंनी तिला सिंहासनावर बसवले. वेणी उकलून दोन भाग केले आणि एका पांढऱ्या फितीने तिच्या आखूड केसांखाली बांधले. सोलांजचे केस काळे, वेणीचे तपकिरी. जोड लांबूनही दिसत होता. बाई म्हणाल्या, "विजोड दिसतंय का गं?"

तेवढ्यात पहिल्या बाकावरची सर्वांत लहान मुलगी उठून माझ्यापाशी आली. नाक टेकेल इतक्या जवळून तिने बघितले आणि किंचाळली, "बाई! राजाचेसुद्धा जोडलेलेच आहेत! ही बघा पांढरी रेघ! वर एकाचे, खाली दुसऱ्याचे!"

सगळ्या मुली धावल्या. जी रेघ जन्मभर कोणाला दिसू नये म्हणून मी प्रार्थना केली होती, तिच्यावर वर्गातल्या सगळ्या मुलींची बोटे फिरली. मित्रांनो, मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्या दिवशी माझ्या अंगावरची तीच एक गोष्ट खरी होती.

एर्मांसने हळूच विचारले, "मग मी परत कात्रीवाला ना?" आणि कोणी हो म्हणायच्या आधीच पुढे म्हणाली, "पण मी घरची कात्री नाही आणणार. कागदाची करते."

समारंभ अंगणात झाला. मला खाली उतरवून खुर्चीवर टेकवून ठेवले होते, लोकांना ताडून बघता यावे म्हणून. वालाद बाई गावातल्या बायकांसारखे टोपडे घालून उभ्या होत्या. दरबार स्तब्ध उभा राहिला. सोलांजची मान शेवटपर्यंत खाली आली नाही. मागे बसलेल्या पुरुषांपैकी एकाने मोठ्याने विचारले, "राजाचे केस दोन रंगांचे कसे हो?" त्यावर तोइनेत आजी, गावातली सर्वांत म्हातारी बाई, मागे वळून म्हणाली, "खालचे माझे असतील मेल्या, कुणी सांगावं! तरुणपणी मी दोनदा दिलेत. नीट मान दे त्यांना!"

बायकांमध्ये हशा पिकला. टोपड्यांची एक पांढरी लाटच हलली. मग एकेक जण आपल्या टोपड्याला हात लावून बघू लागली. फान्शेत कडेला बाकावर बसली होती, बसली ती एकटीच्या जोरावर, पण उठताना तिला धरायला बरेच हात पुढे झाले.

बाळ त्यानंतर लवकरच आले. मुलगा झाला. त्याचे नाव लेओनार ठेवले. सुट्टी संपल्यावर सोलांज शाळेत आली ती मुठीत काहीतरी घेऊन. बाळाच्या दुपट्यातून उरलेला कापडाचा छोटा तुकडा होता तो.

"बाई, त्या कात्रीवर हा चिकटवू का?"

बाई म्हणाल्या, "अगं, इतिहास झाकता येत नाही."

"इतिहास नाही, बाई. फक्त कात्री."

बाईंनी राय नावाच्या धान्याच्या पिठाची खळ शिजवली. सोलांजने स्वतःच्या बोटाने ती लावली, तुकडा ठेवला आणि तळहाताने दाबून धरला. पीठ वाळेपर्यंत तिने हात काढला नाही. तिच्या हाताची ऊब मला आजही त्या एका जागी जाणवते.

त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. वालाद बाई गेल्या, दुसऱ्या बाई आल्या. रंगीत नकाशे आले, फोटो आले. मला आधी मागच्या भिंतीवर नेले, मग लाकडे ठेवायच्या खोलीत, मग ग्रामकचेरीच्या माळ्यावर. राजाचे नाव खाली छापलेले होते, ते ओलीने खाल्ले. राणीच्या तोंडावर डाग पडला. उंदरांनी धर्मगुरूची काठी नेली. याचे मला दुःख नाही. वस्तू म्हातारी व्हायचीच.

पण आता जुन्या वस्तू स्वच्छ करून लोकांना बघायला मांडायचे ठरले आहे. एक मुलगी आली होती. हातमोजे घातलेली, बोलायला गोड. तिने मला उजेडात धरले, राजाच्या मानेवरची रेघ पाहिली आणि म्हणाली, "हा छपाईतला दोष." मग ठिगळाची कड चिमट्याने किंचित उचलली आणि सोबतच्या माणसाला म्हणाली, "हे कोणीतरी अडाणीपणाने चिकटवलंय. पाण्याने सुटेल. खाली मूळ चित्र छान शाबूत असेल."

शाबूत आहे, मित्रांनो. ठिगळाखाली ती कात्री अगदी काल छापल्यासारखी लखलखीत आहे. त्यानंतर तिला धूर लागला नाही, ऊन लागले नाही. माझ्या सगळ्या अंगावर तेवढीच एक गोष्ट जशीच्या तशी राहिली आहे. म्हणूनच मी रोज संध्याकाळी, गावातल्या चर्चची घंटा वाजते तेव्हा, एवढेच मागतो की माझे सगळे डाग तसेच राहोत, पण तो तुकडा सुटू नये.

तुम्ही कधी माळे, कपाटे, जुन्या पेट्या साफ कराल. तिथे एखाद्या वस्तूवर वेडेवाकडे ठिगळ दिसेल. ते खरवडण्याआधी जरा हात थांबवा. तिथे कोणीतरी कोणाची तरी लाज झाकली असेल, आणि पीठ वाळेपर्यंत तळहात दाबून धरला असेल.